हात लावायचा नाही

जेवण हे नुसतं निमित्त होतं. काशीगावच्या घरी रविवारी विहीणबाई आल्या त्या काही कोळंबीच्या कालवणासाठी आल्या नव्हत्या, हे मोरीपाशी कोळंबी सोलत बसलेल्या लेकीला, चांदणीलाही ठाऊक होतं. पाच वर्षांच्या साईराजने यापुढे कुठे झोपायचं, हे आज ठरायचं होतं. एवढीशी गोष्ट, पण तिच्यापायी दोन्ही घरं सकाळपासून एकमेकांशी इतकी गोड बोलत होती की भांडण होणार हे कुणीही ओळखलं असतं.

आजवरची व्यवस्था सगळ्यांच्या सोयीची होती. साईराजचे आईबाप, मिनल आणि भूपेश, दोघं नोकरीवाले, घरी यायला उशीर. म्हणून साईराज आठवडाभर काशीगावला आजीजवळ, जिजाबाईंजवळ, झोपायचा आणि शनिवार-रविवार आईबापांकडे सिल्व्हर पार्कला. तिथे त्याची स्वतःची खोली होती, छतावर चमकणारे तारे चिकटवलेली आणि एसी लावलेली. मुलांना वेळेत एकटं झोपायची सवय लागली पाहिजे, असं मिनलचं मत होतं आणि ते तिने ऑफिसातल्या चार मैत्रिणींकडून पक्कं करून घेतलं होतं.

घोळ असा होता, की त्या ताऱ्यांच्या खोलीत पोरगं अंथरूण ओलं करायचं. काशीगावला एकदाही नाही.

"आमच्याकडं करत न्हाय," जिजाबाई प्रत्येक सोमवारी म्हणायच्या. त्यात टोमणा नव्हता. पण सुनेला तो टोमणाच ऐकू यायचा, आणि महिनोन्‌महिने ऐकून तो आता चांगलाच रुतला होता.

त्यात शाळेने बोलावून घेतलं. साईराज वर्गात जांभया देतो, नाहीतर बाकांवरून उड्या मारतो, मधलं काही नाही, असं बाई म्हणाल्या. मिनल त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तिथेही धड काही कळलं नाही. आणि मग एक दिवस पोरगंच बोलून गेलं, "मम्मा, आजी रात्री मला झोपू देत नाही. सारखी हलवते."

झालं. मिनलला उत्तर सापडलं.

पानं वाढली. साईराज पहिला घास गालात धरून बसला होता. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं, नाकातून कायम वारं घुसमटल्याचा आवाज.

"गिळ रे बाबा," भूपेश म्हणाला. "तुझं जेवण होईपर्यंत मेट्रो सुरू होऊन जुनी होईल."

"त्याला लागतो वेळ," जिजाबाई म्हणाल्या आणि भाकरीचा आणखी बारीक तुकडा त्याच्या ताटात ठेवला.

मिनलच्या आईने, सुलूताईंनी, पाण्याचा घोट घेतला. पूनम सागरला राहून त्यांना तीस वर्षं झाली होती, पण महत्त्वाचं काही बोलायचं असलं की त्यांचं रत्नागिरी वर यायचं. "विहीणबाई, राग मानू नका हां. मी काय म्हणत्ये, पोराला रात्री सारखा हात लावला तर त्याची झोप होणार कशी?"

"मी हलवत न्हाय," जिजाबाई म्हणाल्या. "वलवते. घोर लागली का कुशीवर वलवते."

"पण का, आई?" मिनलने विचारलं.

जिजाबाईंना प्रश्नच कळला नाही. भातात मीठ का घालतेस, असं कुणी विचारावं तसं त्यांनी सुनेकडे पाहिलं. "वलवायचा असतो," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं सासऱ्याला वलवलान. मी याच्या आबाला वलवला. या घरान बाप्यांना वलवायलाच लागतं."

"हेच!" सुलूताई लेकीकडे वळल्या. "अगो, रात्रभर जागं केलं तर शाळेत जांभया देईल नाहीतर काय करील?"

आता यात न पटण्यासारखं काय होतं? मिनलला पटलं होतं. भूपेशलाही पटलं. भूपेशला शेवटी बोलणाऱ्याचं नेहमीच पटायचं, आणि दोन घरांच्या मध्ये राहून त्याने आपली तब्येत अशीच सांभाळली होती.

"एक मिनिट," चांदणी म्हणाली. ती भूपेशची बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि आईच्या बाजूने लढायला तिला बोलावणं लागत नसे. "वहिनी, आई हलवते म्हणून झोप होत नाही, ठीक आहे. मग तुझ्याकडे कुणीच हलवत नाही. तिथे तर मस्त झोप झाली पाहिजे ना? तिथे का ओलं करतो?"

भूपेशला हेही पटलं.

"ताई, इथे झोप होत नाही, म्हणून तिथे गाढ झोपतो," मिनल म्हणाली. "म्हणून कळत नाही त्याला."

"मग सोमवारी शाळेत फ्रेश पाहिजे."

सोमवारी तर तो सगळ्यात वाईट असायचा. हे बाईंनी सांगितलं होतं आणि मिनलने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबात ते कुठेच बसत नव्हतं. आपण बरोबर आहोत की चूक, हेच तिला क्षणभर कळेना, आणि अशा वेळी माणूस करतं तेच तिने केलं. आवाज चढवला.

"मला एवढंच कळतं की तो माझा मुलगा आहे! पुढच्या आठवड्यापासून तो सिल्व्हर पार्कलाच झोपणार. संध्याकाळी सांभाळायला मी बाई ठेवीन."

जिजाबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांचा चेहरा बघून सुलूताईंनाच वाईट वाटलं. विहिणीचं दुःख बघायला त्या आल्या नव्हत्या. लेकीचा संसार सुरळीत व्हावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी कुणाचं तरी काढून घ्यावं लागेल हे त्यांनी घरून निघताना मनात आणलं नव्हतं.

"आपण असं करूया का," त्या समजुतीने म्हणाल्या, "आता जेवून तो झोपेलच. झोपू दे आतल्या खोलीत. आपण सगळे बाहेर बसू. कुणी जायचं नाही. बघू तरी, न हलवता कसा झोपतो."

"चालेल," मिनल म्हणाली. मग सासूकडे न बघता, "आई, आज त्याला हात लावायचा नाही."

साईराज जेवणाच्या ताटावरच पेंगला होता. भूपेशने त्याला उचलून आत नेऊन टाकलं.

बाहेर चहा झाला. जिजाबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, पण हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना. पदराचं टोक गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. नवरा, धर्मा, जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर रात्री हाताला काम राहिलं नव्हतं, तो काळ त्यांनी कसा काढला हे त्यांनाच माहीत. मग साईराज झाला, दूध सुटल्यावर शेजारी झोपायला लागला, घोरायला लागला. पहिल्यांदा घोरला तेव्हा जिजाबाई अंधारात उठून बसल्या आणि रडल्या होत्या. धर्माच आला, असं त्यांना वाटलं होतं. आता तोही चालला होता, आणि कुठे तर आठवड्यातून पाच दिवस रिकाम्या असणाऱ्या ताऱ्यांच्या खोलीत.

आतून घोरणं सुरू झालं. केवढं ते! पाच वर्षांच्या छातीत एवढा आवाज मावतो कुठे, असं कुणालाही वाटावं.

"आले! आबा आले!" भूपेश हसला. वातावरण हलकं करायची संधी तो सोडत नसे. "मम्मी, तुम्हाला माहितीये ना आमच्या आबांचं? मिठागरावर राखणीला असायचे. रात्री गाढ झोपायचे, पण घोरणं एवढं, की चोर बांधावरूनच परत जायचे. शेठने झोपायचा पगार दिला त्यांना!"

सुलूताई हसल्या. चांदणीही हसली, डोळ्यांत थोडं पाणी आणून. आबांचा विषय निघाला की तिचं असंच व्हायचं. गोष्ट सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली होती, पण या घराला दुसरी मिळकत आता थोडीच उरली होती. मिठागर गेलं, भातशेती गेली, आबांचं घोरणं तेवढं नातवाच्या नावावर राहिलं होतं.

मग घोरणं थांबलं.

"बघा," सुलूताई हळूच म्हणाल्या. "बघा कसा शांत झोपला. कुणी हात लावला का?"

मिनलने सुटकेचा श्वास सोडला. आपण बरोबर होतो. तिने कप उचलला आणि आता सासूशी प्रेमाने काय बोलावं याची मनात जुळवाजुळव सुरू केली. बाहेर कुणाच्या तरी बाइकचा हॉर्न वाजला. भूपेशने पंखा वाढवला. शांतता खरंच छान होती.

जिजाबाईंना मात्र ती सहन होईना. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती, पण फक्त सुरुवातीपुरती. ती सुरू झाली की त्यांचा हात आपसूक जायचा. पन्नास वर्षं तसाच गेला होता, झोपेतसुद्धा. हात न लावता ती पुढे कुठवर जाते, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. आता ऐकत होत्या. ती संपतच नव्हती.

त्या उठल्या.

"बसा हो," सुलूताईंनी त्यांचा हात प्रेमाने धरला. "झोपलाय तो."

"सोडा मना."

"आई, प्लीज," मिनल दारात आडवी झाली. "आत्ताच तर ठरलं आपलं."

"अगो, तो..." जिजाबाईंना पुढचा शब्द सापडेना. या गोष्टीला शब्दच नव्हता. कधी लागलाच नव्हता.

तेवढ्यात आतून आवाज आला. बुडणारा माणूस पाण्यातून डोकं वर काढताना ओढतो तसा, घशातून खरवडत आलेला श्वास. मग गादीवर पाय आपटल्याचा आवाज. मग परत घोरणं.

सगळे आत धावले.

साईराज झोपेतच होता. मान मागे टाकलेली, हनुवटी छताकडे, तोंड सताड उघडं. पंख्याखालीही केस घामाने चिकटलेले. सगळ्यांच्या देखत तो घोरला आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा थांबला.

"स्वप्न पडलं असेल," भूपेश म्हणाला.

"श्वास घेतोय ना?" मिनलने विचारलं.

"घेतोय ना. पोट हलतंय बघ."

पोट हलत होतं खरं. जोरात हलत होतं. पण पोट वर आलं की छाती आत खेचली जात होती, आणि गळ्याखालच्या खळग्यात कातडी खोल ओढली जात होती. मिनलने त्याच्या उघड्या तोंडासमोर तळवा धरला. एका लेकराच्या तोंडाशी धरलेल्या हाताला जी ऊब लागावी ती लागली नाही.

"हवा येत नाहीये."

"असं कसं? पोट हलतंय की!"

"भूपेश, हवा येत नाहीये!"

"पाणी मारा तोंडावर," चांदणी ओरडली.

"नको, दचकेल," सुलूताई म्हणाल्या. "अगो, उचल त्याला, उचल... नाहीतर राहू दे, उचलू नको..." आपण काय सांगतोय ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

मिनलने वळून सासूकडे पाहिलं. जिजाबाई दाराशी उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. ठरलेलं त्या पाळत होत्या.

"आई!" मिनल किंचाळली. "हात लावा ना त्याला!"

जिजाबाई वाकल्या. एक हात खांद्याखाली, एक कमरेशी. घाई नाही, धसका नाही. पोरगं कुशीवर वळलं, घशात खरखर झाली, एक मोठा श्वास आत गेला. मग दुसरा. मिनल त्याच्या शेजारी खाली बसली.

"असं रोज होतं?" तिने विचारलं.

"रोजच."

"रात्री एकदा?"

"एकदा काय. सारखाच."

"मग सांगितलं का नाही मला?"

"काय सांगायचा?" जिजाबाई खरोखरच गोंधळल्या. "मना वाटलं, सगलीच अशी झोपतान. या घरान तरी."

मिनलला डॉक्टरांची खोली आठवली. त्यांनी विचारलं होतं, झोपेत घोरतो का, तोंड उघडं असतं का, मधेच श्वास थांबतो का. ती ऐटीत म्हणाली होती, "घोरतो थोडं, पण आमच्याकडे सगळेच घोरतात. बाकी काही नाही. मस्त स्वतःच्या खोलीत झोपतो." एसीच्या आवाजात, दार लावून, तो शनिवार-रविवार काय करत होता हे तिने पाहिलंच नव्हतं. अंथरूण ओलं झालेलं तेवढं पाहिलं होतं, आणि त्यावरून रागावली होती. एकदा फटकाही दिला होता. ते आठवून तिला रडू फुटलं. तिने डोळे पुसले आणि फोन लावला.

"संडे को डॉक्टर नहीं बैठते, मॅडम," क्लिनिकची मुलगी म्हणाली.

"मेरा बच्चा नींद में साँस रोक रहा है. आप उनको अभी बोलो, अभी!"

पाच मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. मिनलने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. उठवल्यावर उठतो का? ओठ निळे पडतात का? उठतो, निळे पडत नाहीत म्हटल्यावर ते जरा सैलावले. निळे पडले किंवा उठला नाही तर कुणालाही न विचारता थेट हॉस्पिटल गाठायचं, म्हणाले. उद्या सकाळी घेऊन या. टॉन्सिल्स मोठ्या आहेत हे तेव्हाच पाहिलं होतं, नाकामागची गाठही वाढलेली असणार. जागेपणी वाट पुरते, झोपेत घसा सैल पडला की बंद होते. कानानाकाघशाच्या डॉक्टरांना दाखवू, झोपेची तपासणी करू, बहुधा काढाव्या लागतील. शाळेतल्या उड्या, जांभया, अंथरूण, सगळं यातलंच असू शकतं. "खोडकर नाहीये तो. थकलाय. आणि आत्ता त्याचा एक व्हिडिओ काढा. शर्ट वर करून, छाती-पोट दिसू दे. थोडाच वेळ, पण तेवढ्यात त्याला हलवू नका."

म्हणजे पुन्हा तेच.

भूपेशने फोन धरला. आता त्याला कुठलाही विनोद सुचत नव्हता. साईराज पाठीवर वळला, घोरला, थांबला. जिजाबाईंचा हात पुढे झाला. मिनलने तो मधेच पकडला, आणि या वेळी अडवायला म्हणून नव्हे. दोघी एकमेकींची बोटं आवळून उभ्या राहिल्या.

"थोडंच, आई."

"मेला तो डागतर," जिजाबाई पुटपुटल्या. "थोडाच म्हनं."

"झालं," भूपेश म्हणाला, आणि दोघींनी एकदमच पोराला कुशीवर वळवलं.

परत बाहेर येऊन बसल्यावर कुणाला कुणाशी भांडायचं होतं तेच आठवेना. सगळ्यात शहाणपणाचा सल्ला आपणच दिला होता आणि तो ऐकून पोरगं त्या ताऱ्यांच्या खोलीत कायमचं गेलं असतं, हे सुलूताईंच्या मनातून जात नव्हतं.

"विहीणबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "चुकलं हो माझं."

"तुमचा काय चुकला? झोप हवी त्याला, बरोबरच बोल्लाव. मीच उठवत व्हते ना."

"आई, ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही आमच्याकडे या," मिनल म्हणाली. "त्याच्या खोलीत झोपा. मीही तिथेच झोपते. मला शिकवा."

"थांबा जरा!" चांदणीला हे सगळं फार भराभर चाललंय असं वाटत होतं. "लगेच ऑपरेशन? एवढ्याशा पोराचा गळा कापायचा? आबा अख्खं आयुष्य असेच झोपले. काय झालं त्यांना?"



आबा झोपेत गेले होते. सकाळी उठलेच नाहीत. अख्खं काशीगाव तेव्हा म्हणालं होतं, किती पुण्यवान मरण, ना दुखणं ना खुपणं. चांदणीही तेच म्हणत आली होती. ती त्या रात्री प्रसूतिगृहात होती. बाळंतपण अडलं होतं, म्हणून आई तिच्या उशाशी होती.

चांदणीने हळूच आईकडे पाहिलं. जिजाबाई आधीपासूनच तिच्याकडे बघत होत्या.

"त्या राती मी तुझ्यापाशी व्हते," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. एखादी वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं तसं त्या बोलल्या. "घरान कोनी नव्हता."

"आई, नको ना," चांदणी म्हणाली. "म्हणजे माझ्यामुळे..."

"गप. तुझी पोर जलमली त्या राती. तिकडंच माझी जागा व्हती." त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"आई, तसंच झालं असेल असं कुणीच सांगू शकत नाही," मिनल म्हणाली. "हार्ट असेल, वय होतं..."

"आसंल. आता कोनी सांगू पन नुको." जिजाबाईंनी लेकीचे केस मागे सारले. मग म्हणाल्या, "पोऱ्याचं ऑपरेशन करा. उद्याच इचारा. मी येते बरोबर."

भूपेशने मान हलवली. तो भिंतीला टेकून बसला होता, चाळिशीकडे झुकलेला, आबांसारखीच आखूड जाड मान, पोट सुटलेलं, सकाळपासून तिसऱ्यांदा जांभई देत. जिजाबाईंची नजर त्याच्यावर गेली आणि तिथून हलेना.

"काय झालं, आई?" त्याने विचारलं.

त्यांनी सुनेला विचारलं.

"मिनल, आन् याला कोन वलवतं?"

लग्न झाल्या वर्षापासून मिनल कानात बोळे घालून, भिंतीकडे तोंड करून झोपत होती.

"कुणी नाही, आई," ती म्हणाली.